दिसू नये अशी पावडर

दोन हजार तेवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, आणि मला वाटत होतं की माणसाच्या तोंडाबद्दल आता मला कुणी नवीन काही सांगावं असं उरलेलं नाही.

औंदा पुन्हा लग्नसराई आलीय. पोलादपूरच्या बाजारात फेट्यांचे गठ्ठे दिसायला लागले, हायवेच्या कडेच्या सागाची पानं धुळीनं पांढरी पडली, करवंदं काळी झाली, की ओळखायचं. पहाटेपासून उकडतं. सावित्री नदीचं पाणी खडकाखडकांतून वाट काढत कसंबसं चाललेलं असतं, माझ्यासारखंच. ओटीवर बसून मी नातीच्या गिऱ्हाइकांच्या चपला मोजतो. दाराशी बोर्ड आहे, सानिका ब्युटी पार्लर. खिळा मी ठोकला, म्हणून जरा वाकडा आहे. आत पंखा फिरतो, पोरी हसतात, आणि उंबऱ्यावरून पावडरीचा वास बाहेर येतो. तो वास आला की मला तो वैशाख आठवतो. बरं वाटत नाही. पण आठवतो.

मी चौथी शिकलो. पुढची शाळा रंगात झाली. आमच्या वाडीचं नाटकमंडळ होतं, देवीच्या जत्रेला दरसाल एक नाटक. राजा, राणी, प्रधान, राक्षस, सगळे आमच्यातलेच. दिवसा नांगर धरणारे आणि जत्रेला तलवार. त्यांना रंगवायचा मी. विसाव्या वर्षी ब्रश धरला तो चाळीस वर्षं सोडला नाही. सफेदा, पिवडी, हिंगूळ, काजळ, आणि सगळ्यांच्या खाली खोबरेल. खोबरेल चोळलं की कातडी तव्यासारखी चकाकायची. त्यावर सफेदा थापायचा. थापायचाच. गॅसबत्तीच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला राणीचं नाक दिसलं पाहिजे, हा माझा हिशेब. देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला जर विचारावं लागलं की हा राजा की शिपाई, तर रंगवणाऱ्यानं घरी जावं. मला कधी जावं लागलं नाही. वैशाखातल्या घामातसुद्धा माझा रंग ओघळत नसे. आजूबाजूच्या वाड्यांतून मला बोलावणं यायचं. कशेडीच्या पायथ्यापर्यंत मी रंगाची पेटी डोक्यावर घेऊन चालत गेलोय.

आणि एक नियम होता. रंगवणाऱ्यानं स्वतःच्या तोंडाला रंग लावून घ्यायचा नाही. कुणी घालून दिलेला नव्हता, माझा मीच केलेला. शिमग्यात अख्खी वाडी रंगायची, पण माझ्यापाशी आली की पोरं पायावर गुलाल टाकून पुढं जायची. "आबांच्या तोंडाला हात नाय लावायचा रे," असं एकमेकांना सांगायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

मग टीव्ही आला, पोरं मुंबईला गेली, मंडळ मोडलं. पेटी माळ्यावर गेली. माझा मुलगाही मुंबईत, त्याची मुलगी ही सानिका. तिचं तिकडं लक्ष लागेना. महाडला सहा महिने पार्लरचा कोर्स केला आणि माझ्याकडं येऊन राहिली. पुढच्या खोलीत आरसा लावला, खुर्ची आणली. बापानं तिला एक हंगाम दिला होता. फोनवर मला म्हणाला, "आबा, वैशाख संपेपर्यंत बघू. नवरीचं एक तरी काम नीट झालं तर राहू दे तिला तिथं. नायतर मी घेऊन जातो. नोकरी बघीन, नायतर स्थळ." मी म्हणालो, "बघ बाबा." पण फोन ठेवल्यावर मला घर एकदम मोठं वाटलं. सरू, माझी बायको, जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मी चुलीवर एका माणसाचा भात शिजवायला शिकलो होतो. सानिका आल्यावर पुन्हा दोघांचा शिजायला लागला होता.

त्या हंगामात तिच्याकडं एक डबी होती. काचेची, आत पीठ. तांदळाचं वस्त्रगाळ पीठ असतं तसं, पांढरं शुभ्र.

"ही काय?"

"सेटिंग पावडर, आबा. सगळ्यात शेवटी लावायची. खालचा रंग जागेवर बसतो, घाम दिसत नाय, तेलकटपणा जातो."

"म्हणजे सफेदाच."

"सफेदा नाय. ही दिसली नाय पायजे. पारदर्शक असते."

मी डबी उजेडात धरली. "मला तर पांढरी दिसत्येय."

"डबीत पांढरी. तोंडावर नाय."

मी हसलो. न दिसणारा रंग लावायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे माझ्या डोक्यात बसेना. ती मात्र मला समजावत राहिली. पावडर थेट डबीतून घ्यायची नाही, झाकणात जराशी सांडायची. पफ त्या झाकणात मळायचा, म्हणजे पावडर पफच्या पोटात जाते. मग मनगटाच्या मागं आपटून जास्तीची झाडायची. खालचा ओला रंग सुकला का बोटानं बघायचा. ओल्यावर पावडर पडली की गोळा होते, आणि गोळा झाली की पांढरी दिसते. घासायची नाही, दाबायची. जिथं तेल सुटतं तिथंच, नाकाशेजारी, कपाळाच्या मधोमध, हनुवटीवर. डोळ्यांखाली तर नावापुरती. मग मोठ्या ब्रशनं उरलीसुरली झाडून टाकायची. सावळ्या तोंडाला जरा पिवळट झाक असलेली घ्यायची, नुसती पांढरी नाही. आणि शेवटी मोबाईलचा फ्लॅश मारून फोटो काढायचा.

"फोटो कशाला? आरसा हाय की."

"आरशात सगळं बरं दिसतं, आबा. फ्लॅश पडला की पावडर चमकते. डोळ्याला नाय दिसत ती चूक फोटोत दिसते."

तिला तोंड हवं होतं सराव करायला. कोर्सात सगळ्या गोऱ्या पोरी मिळाल्या, म्हणाली. सावळ्या तोंडावर हात बसायला हवा. चैत्रभर ती माझ्या मागं लागली. "तुमचं तोंड काळंसावळं, वर सुरकुत्या. तुमच्यावर बसली तर गावात कुणावरबी बसेल. द्या ना गो आबा!" लाडात आली की मलाही गो म्हणायची. मी म्हणालो, "माझ्या तोंडाला कोण हात लावत नाय, ठाऊक हाय ना?" मग ती स्वतःच्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, पट्टे ओढत बसायची आणि फ्लॅश मारायची. भर दुपारी घरात वीज चमकल्यासारखं व्हायचं. मी कूस बदलायचो.

आता वाटतं, तेव्हा तोंड पुढं केलं असतं तर काय झिजलं असतं?

सरू सावळी होती. आमच्याकडची सगळीच माणसं सावळी, उन्हातली. पण राणी रंगवायची तर पांढरी, हे मला कुणी शिकवलं नव्हतं तरी ठाऊक होतं. चाळीस वर्षांत मी एकही सावळी राणी केली नाही. राक्षस तेवढे काळे केले. एका जत्रेच्या दुपारी सरू पेटीपाशी येऊन बसली. आसपास कुणी नव्हतं. म्हणाली, "मला रंगवा की एकदा." मी खुशीत आलो. खोबरेल चोळलं, सफेदा घेतला, गालावर हिंगुळाचा टिपका. राणीला देतो तसं सगळं मनापासून दिलं. तिनं आरशाचा तुकडा हातात धरला. बराच वेळ बघितलं. मग हसली आणि म्हणाली, "ही कोण? माझं तोंड कुठं गेलं?" विहिरीवर जाऊन तिनं ते धुतलं. मी रुसलो होतो. दोन दिवस बोललो नाही. तिला कळत नाही, असं मला वाटलं.

दीपालीचं लग्न हे सानिकाचं पहिलं नवरीचं काम. दीपाली आमच्याच वाडीची, महाडला कपड्यांच्या दुकानात कामाला. नवरा हिरकणीवाडीचा, रायगडला येणाऱ्या माणसांना जेवण देणारं त्यांचं खोपट. मुलगी सावळी, नाकी-डोळी नीटस. तिची आई वंदना मात्र महिनाभर एकच सांगत होती, "सानिका, पोरीला उजळ कर गो. तिकडची माणसं बघत्येत." सानिका म्हणायची, "काकी, ती हाय तशी छान दिसेल, तुम्ही बघाच."

हळदीच्या संध्याकाळी मी तिची पेटी उचलून गेलो. म्हटलं, जुनी सवय. मांडवात आंब्याचे टाळे, पिवळे बल्ब, लाडवांचा वास, मुंबईहून आलेल्या बायांचे परकर-पदर. आतल्या खोलीत दीपाली खुर्चीवर बसली होती. सानिका ती डबी उघडून झाकणात चिमूटभर सांडत होती, पफ मळत होती, मनगटावर आपटत होती. इतकं कमी! मला बघवेना. बोट बुडवून चव घेतल्यासारखं चाललेलं. वंदना दारातून डोकावली. "अजून सावळीच दिसत्येय की." सानिका म्हणाली, "झाल्यावर बघा काकी." मग दीपालीच्या पापण्यांवर काळी रेघ ओढली आणि म्हणाली, "सुकेस्तोवर डोळे उघडू नको. मी पिना घेऊन आले." आणि बाहेर गेली.

खोलीत आम्ही दोघंच. पोरगी डोळे मिटून बसलेली, पंखा घरघरतोय, डबी उघडी. दीपालीचं तोंड मला पिवळ्या बल्बखाली काळसर दिसत होतं. मला वंदनाची कीव आली. सानिकाची काळजी वाटली, की हे काम हातचं जाणार. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर हात शिवशिवत होते. चौदा वर्षं कुणी माझ्यापुढं असं डोळे मिटून बसलं नव्हतं.

मी पफ घेतला. थेट डबीत बुडवला. झाडला नाही. डोळ्यांखाली, नाकावर, कपाळभर, हनुवटीवर, दाबून दाबून, गॅसबत्तीच्या दिवसांसारखं. एकदा, दोनदा. ब्रशनं जराशी पसरली आणि आरशात बघितलं. उजळली होती. राणी दिसत होती. मी स्वतःवरच खूश झालो, ते मी नाकारत नाही.

सानिका परत आली. तिनं दीपालीकडं बघितलं, मग डबीकडं, मग माझ्या बोटांकडं. माझी बोटं पांढरी होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात बायांचा घोळका आत आला, "चला चला, हळद खोळंबली," म्हणत नवरीला उचलून घेऊन गेला.

बाहेर दिवेलागण झाली होती. दीपाली पाटावर बसली. आतेभावानं मोबाईल काढला. फ्लॅश पडला, पुन्हा पडला. नुसत्या डोळ्यांना काही वावगं दिसत नव्हतं. फोटो ग्रुपवर गेले. माणसं मोबाईलमध्ये बघायला लागली. मग कुणीतरी फिसकन हसलं. हिरकणीवाडीहून नवऱ्याच्या बहिणीचा निरोप आला होता, आणि तो आतेभावानं मूर्खासारखा मोठ्यानं वाचला: "नवरीला पिठाच्या डब्यात घातली काय?"

मला मोबाईल दाखवला. डोळ्यांखाली दोन पांढरे चंद्र. नाक खडूचं. कपाळ एकीकडं, गळा दुसरीकडं, जशी दोन माणसं जोडलेली. दीपालीनं तो फोटो बघितला. रडली नाही. बोट नेऊन स्वतःचा गाल चाचपला, तो तिथं आहे का बघायला.

वंदना सानिकावर धावून आली. "हे शिकलीस होय महाडला? पोरीचं हसं केलंस! उद्या तू हात लावू नको. मी शहरातली बाई बोलवत्येय. आठ वाजता येईल ती." बाया कुजबुजल्या. "नवशिकी हाय." "आजोबाचं बघून आली असंल रंगवायला." सगळे हसले. आणि माझी नात, सगळ्या मांडवाच्या मधोमध, मान खाली घालून म्हणाली, "माझं चुकलं, काकी."

ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. बघितलं असतं तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं. कदाचित. मी मागं खांबाला टेकून उभा होतो, आणि धोतराच्या सोग्याला बोटं पुसत होतो. मला वाटायचं की मी हट्टी आहे, ताठ आहे, कुणाला भीत नाही. चार बायांपुढं एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं झालं नाही.

घरी आल्यावर तिनं मला भात वाढला. स्वतः जेवली नाही. बापाला फोन केला नाही, पण पिशवीत कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी म्हणालो, "कशाला बांधाबांध?" ती म्हणाली, "वैशाख संपतच आला की आबा." बस्, एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं ती डबी पुसली, झाकण लावलं, कपड्यांत गुंडाळून ठेवली. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. सरू विहिरीवर तोंड धुताना पाण्यात पांढरा ढग पसरला होता, तो मला दिसत होता.

म्हातारपणी दमायला काम लागत नाही. पुन्हा पुन्हा तेच आठवूनसुद्धा अंग मोडतं. औंदाही मोडलंय. आत कुणीतरी पोरगी विचारतेय, "ताई, फोटोत पांढरी तर नाय ना दिसणार?" आणि सानिका म्हणतेय, "झाडून लावली तर नाय दिसत." मी ओटीवर ऐकतो. गिऱ्हाइकांना ती सगळं सांगते; त्या फोटोबद्दल मात्र तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मलाच सांगावंसं वाटलं, म्हणून हे लिहितोय.

दुसऱ्या दिवशी मी उजाडता उजाडता उठलो. तोंड धुतलं. दाढी केली, नीट, दोनदा वस्तरा फिरवून. सानिकाला म्हणालो, "पेटी घे." ती म्हणाली, "कशाला? त्यांनी नको सांगितलंय." मी म्हणालो, "तू पेटी घे. विचारू नको." तिनं पिशवीतून डबी काढली.

मांडवात वंदना चहाची कपबशी हातात घेऊन उभी होती. आम्हाला बघून तिचं तोंड कडू झालं. "आबा, तुम्ही या, बसा. पण हिला कशाला आणलंत?"

मी एक खुर्ची ओढली, मांडवाच्या मधोमध ठेवली, उजेडात. बाया भाकऱ्या थापायच्या थांबल्या. मी म्हणालो, "वंदे, काल पावडर मी लावली. पोर पिना आणायला गेली होती. दीपालीचे डोळे मिटलेले होते. हिनं माझं नाव घेतलं नाय, आणि मी गप्प बसलो."

मग आतल्या दारातून दीपाली म्हणाली, "मला ठाऊक होतं आबा." अंगावर कालची हळद, केस मोकळे. "हात खरबरीत होता. सानिकाचा नव्हता."

म्हणजे दोन पोरींनी मला झाकलं होतं. मी त्या खुर्चीवर बसलो.

"सानिका," मी म्हणालो, "लाव."

"आबा, तुमच्या तोंडाला?"

"चैत्रापासनं मागत होतीस ना? घे. अर्ध्याच तोंडाला लाव, म्हणजे या सगळ्यांना फरक बघता येईल. सावळं हाय, सुरकुतलेलं हाय, घाम हाय. यावर पांढरी दिसली तर तू मुंबईला जा. मी अडवत नाय."

कुणीतरी मागून म्हणालं, "अगो, आबांच्या तोंडाला हात!" वंदनानं कपबशी खाली ठेवली.

मी डोळे मिटले आणि तोंड वर केलं. आधी तिचं बोट लागलं, गार, खालचा रंग पसरणारं. मग ती थांबली. किती थांबली! सुकू देत होती. झाकणात पफ मळल्याचा बारीक आवाज आला, मग मनगटावर आपटल्याचा, टप् टप्. पफ पहिल्यांदा कपाळाला टेकला तेव्हा मला कळलं की चाळीस वर्षं माझ्यापुढं बसणाऱ्यांना कसं वाटत असेल. आपलं तोंड दुसऱ्याच्या हातात देऊन, आता हा काय करील ते त्याच्यावर सोडून. सुरकुतीत पावडर बसू नये म्हणून तिनं दुसऱ्या हातानं माझी कातडी हलकेच ताणली. मी असं कुणासाठी केलं नव्हतं. शेवटी मऊ ब्रश फिरला, गालावरून कानापर्यंत. सरूचा पदर असा लागायचा.

"झालं," ती म्हणाली. "कुणीतरी फोटो काढा. फ्लॅश मारून. जवळून."

कालच्याच आतेभावानं मोबाईल पुढं केला. मिटल्या पापण्यांतून लखकन उजेड आला. मग डोकी एकमेकांवर वाकली. मी डोळे उघडले नाहीत. धीर नव्हता.

वंदनाचा आवाज आला, जरा उतरलेला, जरा नवल वाटलेला.

"हे तर आबाच हायत गो. लावल्येय कुठल्या बाजूला?"

दीपाली आतून दुसरी खुर्ची घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. "आटप सानिका," म्हणाली. "मलाबी मीच दिसले पायजे." वंदना शहरातल्या बाईला फोन करायला देवळाच्या पायरीकडं गेली, तिथं गलका नसतो. सानिका माझ्याकडं ओला रुमाल घेऊन आली. "द्या आबा, पुसते."

मी तिचा हात बाजूला केला. उठलो, मांडवाच्या खांबाशी जाऊन बसलो, जिथं काल उभा होतो तिथंच. आणि अर्धं लावलेलं, अर्धं उघडं तोंड घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांकडं बघत, दुपारी अक्षता पडेपर्यंत तसाच बसून राहिलो.